गच्चीखालची पडवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मे महिना अर्ध्यावर आला की कोकणात घराघरांतून एकच लगबग दिसते. लाकडं आत घ्यायची, पेंढा झाकायचा, आमसुलं उन्हातून उचलून बरण्यांत भरायची, कौलं चाळायची. आणि ज्यांच्याकडे स्लॅबचं घर आहे त्यांच्या तोंडी हमखास एक प्रश्न असतो, ‘यंदा गच्ची गळणार तर नाही ना?’ आज मी याच विषयावर बोलणार आहे. सगळ्या घराच्या गळतीबद्दल नाही. घराला लागून, खांबांवर उभी असलेली जी उघडी गच्ची असते, तिच्या खालची जागा कोरडी कशी ठेवायची, एवढ्यापुरतंच.

ही जागा घरात फार उपयोगाची असते. तिथे स्कूटर उभी राहते, भाताची पोती राहतात, चुलीची लाकडं राहतात, पावसाळ्यात धुतलेले कपडे वाळतात. म्हातारी माणसं तिथे बसून रस्त्यावरची ये-जा बघतात. मात्र वर गच्ची असेल तर तिथे एक अडचण असते. कौलारू छपराला फक्त छप्पर व्हायचं असतं. त्याला चांगला उतार देता येतो, पाणी क्षणभरही थांबत नाही. गच्चीला छपराचंही काम करायचं असतं आणि जमिनीचंही. तिच्यावर माणसं चालणार, खुर्च्या मांडणार, पापड वाळत घालणार. त्यामुळे ती जवळजवळ सपाट लागते. आणि सपाट जागेवर पाणी रेंगाळतं. सगळी अडचण या रेंगाळण्यातून सुरू होते.

मी सरकारी बांधकामांवर तीस वर्षं देखरेखीचं काम केलं. पूल पाहिले, शाळा पाहिल्या, दवाखाने पाहिले. पण गच्चीखालच्या जागेचा धडा मी शिकलो तो स्वतःच्या घरी, आणि तोही चुका करून.

आमचं घर सिंधुदुर्गातल्या एका गावात. जांभ्या दगडाचं, कौलारू. पुढे लांबलचक पडवी होती. १९९८ साली आम्ही घरावर एक माडी चढवली आणि पडवीची कौलं उतरवून तिथे स्लॅब टाकला. वीस फूट बाय अकरा फुटांची उघडी गच्ची झाली. संध्याकाळी वर बसावं, खाली आईची पडवी राहावी, असा बेत. आईने बांधकाम चालू असताना मला एकदाच विचारलं होतं, ‘‘पाणी येता खंयसून ता बघतंस, पण ता जातला खंय, ता बघलंस?’’ मी म्हटलं, पाइप ठेवलाय की. एक पाइप होता, तीन इंची. कोपऱ्यात.

पहिले दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी स्लॅबच्या खालच्या बाजूला, घराच्या भिंतीलगत, तळहाताएवढा ओलसर डाग दिसला. पुढच्या वर्षी तो परातीएवढा झाला. गवंडी म्हणाला, वर कोबा घाला. घातला, चांगला चार इंच जाडीचा. तीन वर्षं सुखात गेली. मग डाग पुन्हा उगवला, पण जुन्या जागी नाही, मधोमध. मग कोब्यावर फरशी बसवली. त्यानंतर दर पावसाळ्याआधी कुठली ना कुठली पांढरी, करडी, विटकरी पातळ लेपणी. दरवेळी वाटायचं, आता झालं.

२०११ च्या श्रावणात एका दुपारी आई पडवीत पाटावर बसून कुळीथ निवडत होती. वरून काँक्रीटचा एक पोपडा सुटला, दोन विटांएवढा, आणि तिच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं नाही. महिनाभर हात गळ्यात बांधून वावरली. मला एका शब्दाने बोलली नाही. पण त्यानंतर तिने पडवीत बसणं सोडलं. स्वयंपाकघराच्या मागच्या अंधाऱ्या पायरीवर बसू लागली. तीस वर्षं इतरांच्या इमारती तपासणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा काय असणार?

तेव्हा मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तोच तुम्हाला सांगतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची साधारण वीस चौरस मीटर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या एवढ्याशा गच्चीवर वर्षाला साठ हजार लिटर पाणी उतरतं. दहा हजार लिटरचे सहा टँकर. तेही वर्षभर पसरून नाही, चार महिन्यांत. जोराची सर असेल, तासाला शंभर मिलिमीटरची, तर मिनिटाला तेहतीस लिटर, म्हणजे मोठ्या दोन बादल्या. कुणीतरी गच्चीवर उभं राहून तासभर, दर मिनिटाला दोन बादल्या ओततंय असं डोळ्यांसमोर आणा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस आमच्या गच्चीवर पडला असता तर एका दिवसात जवळजवळ एकोणीस हजार लिटर पाणी आलं असतं. आणि मी त्याच्यासाठी ठेवला होता तीन इंची एक पाइप, ज्याच्या तोंडाशी आंब्याची दोन पानं आली की बस्स.

मी तेरा वर्षं पाणी अडवण्यावर पैसे खर्च करत होतो. त्याच्या जाण्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून तोकडी होती. आईचा प्रश्न हाच होता.

आता पाणी आत शिरतं कुठून, ते बघू. आपल्याला वाटतं, स्लॅबच्या मधून झिरपतं. चांगल्या काँक्रीटमधून पाणी सहसा मधोमध उतरत नाही. ते सांध्यांतून शिरतं. गच्ची आणि घराची भिंत जिथे मिळतात तो कोपरा, कठड्याचा पाया, पाणी जाणाऱ्या पाइपच्या भोवतालची फट, दाराचा उंबरठा आणि कठड्याचे लोखंडी खांब रोवलेल्या जागा. शिवाय एक जागा आपण विसरतो, ती म्हणजे स्लॅबची बाहेरची कड. पाणी कडेवरून खाली पडताना सरळ पडत नाही. ते स्लॅबच्या पोटाला चिकटून आत सरकतं. पेल्यातलं पाणी हळू ओतलं की पेल्याच्या बुडाखालून कसं ओघळतं, तसं.

एकदा शिरलेलं पाणी फरशीखाली, कोब्याखाली आडवं पसरतं आणि वाट मिळेल तिथून खाली येतं. म्हणून खाली डाग मधोमध असला तरी वर भेग बरोबर त्याच्या डोक्यावर असेलच असं नाही. आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. खाली डाग सरकला आणि आम्ही वरती सरकलेल्या जागी लेपणी लावत बसलो.

हे पाणी आतल्या सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीटला फोडून बाहेर ढकलतो. किनाऱ्याजवळ हवेतल्या मिठामुळे हे काम अधिक झपाट्याने होतं. तेव्हा श्रोतेहो, छताला तपकिरी रेघ दिसली, सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, किंवा बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर रंगाचा डबा आणू नका. आधी खाली बसणाऱ्यांना तिथून उठवा.

आता थरांवर थर चढवण्याबद्दल. वापरातल्या गच्चीवर माणसांच्या वावराचं वजन म्हणून आराखड्यात चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरतात. चार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातं. म्हणजे आमच्या गच्चीवर मी चार टनांचं ओझं कायमचं नेऊन ठेवलं होतं, वर फरशी वेगळी. आणि खाली त्याच वेळी सळई बारीक होत होती.

ही चूक आपल्याकडे जुनी आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाची घरं असतात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर, पाणी जायला पन्हळ. कमी पावसाच्या आणि कडक उन्हाच्या मुलखात ही रचना शहाणपणाचीच. पण गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी वर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी उतरवायची नाही, नवी चढवायची. असं करत कित्येक घरांवर दीड-दोन फूट जाडीची माती जमली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती त्या धक्क्यात उभ्या राहू शकल्या नाहीत, आणि वरचं ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. भिंती कमजोर होत्या हे मोठं कारण खरंच, पण वजनाने घाताची भर घातली. गळतीवरचा उपाय घराला जड करणारा असेल तर दहादा विचार करावा, एवढं त्यातून आपण घ्यायला हवं.

मग करायचं काय? आम्ही २०१२ च्या उन्हाळ्यात जे केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. स्वतः याच क्षेत्रातला असूनही बोलावलं, कारण आपल्या घराकडे आपण तटस्थपणे बघत नाही. त्यांनी खाली टेकू द्यायला लावले आणि मगच वरची फरशी व कोबा काढायला परवानगी दिली. काढतानाही मोठे घण चालवले नाहीत, लहान छिन्नी-हातोड्याने हळूहळू उतरवलं. खालच्या बाजूचं सुटलेलं काँक्रीट काढलं, सळया घासून स्वच्छ केल्या, दोन ठिकाणी जास्तच खाल्ल्या होत्या तिथे जोड दिला, गंजरोधक लेप लावला आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून घेतलं.

दुसरं काम उताराचं. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या कडेकडे, शंभराला एक या प्रमाणात. अकरा फुटांच्या रुंदीला हा उतार सव्वा-दीड इंच होतो. खुर्ची डगमगत नाही आणि पाणी थांबत नाही. कोबा नव्याने केला, पण उतारापुरता पातळ.

तिसरं, बाहेर जायच्या वाटा. एकाच्या जागी चार इंची दोन पाइप, दोन टोकांना, तोंडावर वर उचललेली घुमटासारखी जाळी. सपाट जाळीवर एक पान पुरतं. शिवाय कठड्यात, जमिनीपासून दोन इंचांवर, एक जादा भोक. दोन्ही पाइप तुंबलेच तर पाणी तिथून अंगणात पडतं. ते पडताना दिसलं की समजायचं, वर जाऊन पानं काढायची वेळ झाली. भिंतीत गुपचूप मुरण्यापेक्षा डोळ्यांदेखत पडलेलं बरं.

चौथं, कोपरे. भिंत आणि गच्ची यांचा काटकोन भरून तीन इंची गोलाई केली आणि जलरोधक लेप भिंतीवर फूटभर वरपर्यंत नेला. दाराचा उंबरठा सहा इंच उंच केला. आईला पाय उचलून जावं लागेल म्हणून मी घुटमळत होतो. ती म्हणाली, देवळाचा उंबरठा ओलांडतेच की.

पाचवं, ती बाहेरची कड. स्लॅबच्या पोटाला, कडेपासून इंच-दीड इंच आत, अर्ध्या इंचाची खाच लांबीभर ठेवली. चिकटून आत येणारं पाणी त्या खाचेपाशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. या कामाला सगळ्यांत कमी पैसे लागले आणि गुण सगळ्यांत आधी दिसला.

शेवटी परीक्षा. पाइप बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभं केलं आणि खाली प्रत्येक कोपरा बघितला. इथे एक सावधगिरी. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो, आमच्या गच्चीवर एक टन. ज्या स्लॅबचे पोपडे सुटताहेत त्यावर ही परीक्षा इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. आणि ही सगळी कामं मार्च ते मे या काळातच उरका. ओल्या काँक्रीटवर लेप धरत नाही. श्रावणात धावपळ करून लावलेली लेपणी बहुतेकदा गणपतीपर्यंत सुटते.

कुणी विचारतील, वर सरळ पत्र्याची शेड का नको? चालेल. पाणी अडतं, हे खरं. पण स्थानिक परवानगी घ्या, आणि वाऱ्याचा विचार करा. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आणि पुढच्या वर्षी मे महिन्यातलं तौक्ते, या दोन्ही वेळी किनाऱ्यावर किती पत्रे उडाले ते आपण पाहिलं आहे. शेड करायची तर तिचे खांब नीट जखडलेले हवेत, आणि ते रोवताना गच्चीला नवी भोकं पडणार नाहीत हेही बघायला हवं.

अलीकडे समुद्रकाठच्या आणि डोंगरावरच्या घरांना लाकडी फळ्यांचे उघडे सज्जे करायची पद्धत आली आहे. त्याला डेक म्हणतात. त्याची तऱ्हा स्लॅबच्या उलट आहे. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. पाणी त्यातून खाली जावं आणि लाकूड वाळावं, यासाठी. काही जण खालची जागा कोरडी हवी म्हणून या फटी लांबीने भरून टाकतात. असं करू नका. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, भरलेली लांबी सुटते आणि मधल्या काळात फळी कुजते. फटी तशाच राहू द्या. खाली, तुळयांच्या पोटाला, पन्हळी पत्रा किंवा पॉलिकार्बोनेटचे तक्ते घराकडून बाहेरच्या बाजूला उतार देऊन लावा आणि बाहेरच्या टोकाला पन्हळ द्या. फळी आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला जागा हवी आणि एखादा तक्ता काढून आतला पालापाचोळा साफ करता यायला हवा. जिथे सज्जाची तुळई घराच्या भिंतीला टेकते तिथे वरून पत्र्याची दुमडलेली पट्टी भिंतीत घुसवून बसवा, नाहीतर भिंत आणि तुळई दोन्ही ओल धरतात. खांबांचे पायही मातीत पुरू नका. काँक्रीटच्या चौथऱ्यावर लोखंडी बुटात बसवा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात.

वरचं पाणी थांबलं तरी खालची जागा आपोआप कोरडी होत नाही, हेही सांगायला हवं. ओल बाजूने येते, जमिनीतूनही येते. पडवीची जमीन अंगणापेक्षा सहा इंच तरी उंच हवी आणि अंगणाचा उतार घरापासून लांब जाणारा हवा. जिथे पाणी वरून पडतं तिथे उथळ चर खणून गोटे भरा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. पाइपचं पाणी जोत्याशी सोडू नका. माडाच्या आळ्यात, शोषखड्ड्यात, किंवा नीट गाळून साठवणीच्या टाकीत न्या. झडीसाठी पूर्वी माडाच्या चुडतांच्या झापा लावत. आता प्लॅस्टिक लावतात, पण चारी बाजू गच्च बांधून टाकतात. मग आतली दमट हवा आतच राहते, फरशीला घाम येतो, पोत्यांना बुरशी धरते, आणि आपण वरच्या स्लॅबला दोष देतो. वाऱ्याची बाजू बंद करा, दुसरी उघडी ठेवा. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर सरकवून ठेवा.

हे सारं एकदा केलं म्हणजे संपलं असं नाही. आमच्या गच्चीवरचा लेप मध्यंतरी पुन्हा द्यावा लागला. मृग लागायच्या आधी मी अजूनही एकदा वर चढतो, जाळ्या काढून धुतो आणि प्रत्येक पाइपमध्ये बादलीभर पाणी ओततो. खाली नातू उभा असतो. ‘‘आलं, आलं!’’ असं तो ओरडला की मी खाली उतरतो.

२०१२ चा पहिला पाऊस जूनच्या मध्यावर आला. रात्रभर कोसळत होता. मला झोप नव्हती. दोनदा विजेरी घेऊन पडवीत जाऊन छत बघून आलो. सकाळी उठलो तर आई माझ्या आधी तिथे होती. तिने सूपभर तांदूळ आणून ठेवले होते, पण पाट अजून मांडला नव्हता. ती छताकडे बघत नव्हती. बाहेर, जिथे पाइपमधून पाणी सळसळत माडाच्या आळ्याकडे चाललं होतं, तिकडे बघत होती. बराच वेळ बघितलं तिने. मग भिंतीशी टेकवलेला पाट ओढला आणि तांदूळ निवडायला बसली.